निळा कागद

गुडघ्याएवढा शंकू, टोकाला बोथट,
निळ्या कागदात आवळून बांधलेला.
निळ्यात पांढरं अधिक पांढरं दिसतं,
हे नांतच्या वाण्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

गिल्मेट अडकित्त्यासारख्या चिमट्यानं खडे तोडते.
मालकीणबाई मोजून घेतात, सकाळी नऊ, दुपारी बारा;
पाहुणे असले की मोजत नाहीत.
भुगा मात्र गिल्मेटचा.
तो ती अंगुस्तानात साठवते
आणि रात्री, मेणबत्ती विझवल्यावर,
जिभेच्या टोकावर ठेवते कण कण.

तिच्या आजीनं जन्मात एकदाच साखर खाल्ली,
औषधवाल्यानं गुंजेच्या मापानं तोललेली, ताप उतरावा म्हणून.
आता धक्क्यावरचा हमालसुद्धा
कॉफीत शिळा पाव बुडवतो,
आणि गोड नसेल तर बायकोच्या अंगावर ओरडतो.
दोन पिढ्यांत औषधाची भूक झाली.
ताप कुणाचा उतरला, कुणास ठाऊक.

सात आठवड्यांच्या पाण्यापलीकडे
सँ-दोमँगच्या डोंगरापायथ्याशी
चरक रात्रीही फिरतो.
तोडलेला ऊस वाट पाहत नाही, आंबतो.
म्हणून माणसांनी झोपायचं नाही.
चिपाडांचा जाळ, ओळीनं पाच कढया,
थोरलीतून धाकटीत उतरत दाट होत जाणारा रस.
अदिन कांडी सारते चरकात.
डोळे मिटलेले असतात तेव्हाही सारते.
शेजारी भिंतीला एक कोयता टेकवलेला आहे,
धार लावलेला.
तो उसासाठी नाही.

मग साच्यात ओततात, वर ओला चिखल थापतात.
चिखलातलं पाणी हळूहळू झिरपतं
आणि काळी मळी सोबत घेऊन खालच्या भोकातून गळून जातं.
चिखलानं पांढरी होते साखर.
वाचलं तेव्हा मला खोटंच वाटलं होतं.
फ्रान्सला पोचल्यावर ती पुन्हा उकळतात,
बैलाचं रक्त घालून.
फेस वर येतो, मळ वर येतो, झाऱ्यानं काढून टाकतात.
एवढं सगळं झाल्यावर
ती दिसते अशी, की जणू तिला कुणाचा हातच लागला नसावा.

बेटावरची जहाजमालकांची घरं वाळूत रुतत चालली आहेत.
खिडक्या तिरक्या, दारं आपोआप उघडतात.
मालकीणबाईंच्या कपात कॉफी एका अंगाला कलते,
त्या टेबलाच्या पायाखाली घडी सारायला सांगतात.
मालकांच्या वहीत त्याच आठवड्याची नोंद:
अदिन, वय अंदाजे बावीस,
डावा हात मनगटापासून नाही.
पहाऱ्याच्या कामी. किंमत निम्मी.
खाली खाडाखोड नाही, शाईचा डाग नाही.

आमच्याकडे म्हणतात,
ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये.
पण मूळ ताटात दिसावं लागतं ना.
इथे तर मध्ये समुद्र आहे.

गिल्मेटनं चौदा कागद जमवलेत.
शनिवारी ती ते कढत पाण्यात भिजवते, वर थोडा सिरका.
निळा रंग सुटतो, धुरासारखा.
तोही त्याच जहाजांतून आलेला, हे तिला माहीत नाही.
जुने पांढरे मोजे बुडवून ती ढवळत बसते;
काठी सापडत नाही, म्हणून हातानंच.

साबण लावला, राख लावली, वाळूनं घासलं.
दोन्ही हात मनगटापर्यंत निळे.
तिथे एक सरळ रेघ आहे,
कुणीतरी मोजून आखल्यासारखी.

रविवारी प्रार्थनेला ती हात शालीत लपवून बसते.
बाहेर पडताना शेजारीण मोजे बघून विचारते,
एवढा छान रंग कुठून ग आणलास?
साखरेतून, म्हणते गिल्मेट, आणि हसते,
आणि सवयीनं बोट तोंडात घालते.

अजून थोडं गोड लागतं.